झुरिकचा फोन लागत नव्हता

आजचा भाग जरा जड आहे, हे आधीच सांगून ठेवतो. बसमध्ये, लोकलमध्ये ऐकत असाल तर ऐका, पण विमानात बसून ऐकत असाल तर उतरल्यावर ऐकलंत तरी चालेल.

चरखी दादरीवर बोला, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. त्याच्यावर थोडं बोलणारच आहे. पण मला आज तुम्हाला घेऊन जायचंय जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर, 1 जुलै 2002 च्या रात्री. या गोष्टीत दोन विमानं आहेत, एक माणूस आहे आणि एक टेलिफोन आहे. सिनेमे, माहितीपट वगैरे विमानांवर आणि त्या माणसावर झाले. टेलिफोनकडे फार कुणी बघत नाही. मला वाटतं, गोष्ट तिथून सुरू करायला हवी.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपल्याला वाटतं कंट्रोलर म्हणजे काचेच्या उंच टॉवरमध्ये दुर्बीण घेऊन बसलेला माणूस. तसा तो असतोच, पण तो फक्त धावपट्टीच्या आसपासचं बघतो. विमान एकदा उंच गेलं की ते दुसऱ्या खोलीतल्या माणसांच्या ताब्यात जातं. या खोलीला खिडकीची गरजच नसते. समोर रडारचा पडदा, डोक्याला हेडसेट आणि बाजूला फोन. हेडसेटमधून वैमानिकांशी बोलायचं आणि फोनवरून शेजारच्या केंद्रांशी. आकाशाचे तुकडे पाडलेले असतात. माझ्या तुकड्यातून विमान तुझ्या तुकड्यात चाललंय, घे बाबा, एवढं सांगायला हा फोन. थेट लाइन असते, बटण दाबलं की पलीकडे वाजतो. दिवसातून शेकडो वेळा वाजतो आणि म्हणूनच त्याचं कुणाला कौतुक नसतं.

झुरिकच्या केंद्रात, म्हणजे स्कायगाइड या स्विस कंपनीच्या नियंत्रण केंद्रात, त्या रात्री पीटर नील्सन ड्युटीवर होता. मूळचा डेन्मार्कचा, वय 36. रात्रपाळीला दोन कंट्रोलर. पण रात्री वाहतूक कमी झाली की दोघांपैकी एकानं विश्रांतीच्या खोलीत जाऊन पडायचं आणि दुसऱ्यानं एकट्यानं सांभाळायचं, ही तिथली वर्षानुवर्षांची पद्धत. नियमात बसत नव्हती, पण व्यवस्थापनाला माहीत होती आणि चालवून घेतली जात होती. आपल्याकडच्या कुठल्याही रात्रपाळीच्या ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तर दुसरा कंट्रोलर गेला. उरला नील्सन आणि त्याचे मदतनीस, ज्यांना विमानांना सूचना द्यायचा अधिकार नव्हता.

आणि नेमकं त्याच रात्री यंत्रणेचं काम काढलेलं होतं.

काम साधं होतं. आकाशाच्या तुकड्यांची नवी मांडणी संगणकात बसवायची होती. त्यासाठी रडारची यंत्रणा मुख्य पद्धतीतून काढून पर्यायी पद्धतीवर टाकली. पडद्यावर विमानं दिसत होती, पण दोन विमानं एकमेकांच्या फार जवळ येणार असतील तर पडद्यावर जो इशारा उमटतो, तो या पर्यायी पद्धतीत बंद होता. रडारवरचा भरवसा कमी म्हणून दोन विमानांमधलं किमान आडवं अंतर 5 सागरी मैलांवरून 7 करायचं, असं ठरलेलं होतं. आणि त्याच कामात रात्री 11 वाजून 23 मिनिटांनी शेजारच्या केंद्रांशी जोडणारी मुख्य फोन यंत्रणा बंद केली गेली.

अर्थात, पर्यायी फोन लाइन होती. नसती तर कुणी मुख्य यंत्रणा बंद केलीच नसती. पण ही पर्यायी लाइन बिघडलेली होती. बिघडलेली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण ती वापरायची वेळ कधी आलेली नव्हती. कामाच्या सूचना लेखी निघाल्या होत्या, पण या कामामुळे कंट्रोलरच्या टेबलावर नेमकं काय काय बंद पडणार आहे, हे त्या सूचनांमध्ये धड लिहिलेलं नव्हतं. म्हणजे नील्सनला इतकंच माहीत होतं की आज काहीतरी काम चाललंय.

आता घड्याळ लावूया. सगळ्या वेळा तिथल्या स्थानिक, रात्रीच्या.

11 वाजून 20 मिनिटांनी डीएचएल कंपनीचं मालवाहू बोइंग 757 झुरिकच्या हद्दीत आलं. इटलीतल्या बेर्गामोहून ब्रसेल्सला चाललेलं. आत दोनच माणसं, दोन्ही वैमानिक. त्यांनी वर जायची परवानगी मागितली, नील्सननं दिली, आणि साडेअकराच्या सुमारास ते 36,000 फुटांवर स्थिर झालं. साडेअकरालाच रशियाचं टुपोलेव 154 पूर्वेकडून झुरिकच्या फ्रिक्वेन्सीवर आलं. बाश्किरियन एअरलाइन्सचं, मॉस्कोहून बार्सिलोनाला. तेही 36,000 फुटांवर. त्यात 69 माणसं होती. बहुतेक प्रवासी उफा शहरातली शाळकरी मुलं, हुशार म्हणून निवडलेली, स्पेनच्या समुद्रकिनारी सुट्टीला चाललेली. त्यांचं आधीचं विमान चुकलं होतं, म्हणून हे खास विमान ठरवलं होतं.

एक दक्षिणेकडून उत्तरेला, एक पूर्वेकडून पश्चिमेला. उंची एकच. रस्त्यावरच्या चौकासारखं.

इथं तुम्ही म्हणाल, हे एवढं ढळढळीत आहे, तर नील्सनला दिसलं कसं नाही? दिसलं असतं. दहा मिनिटांमध्ये दोन विमानं सांभाळणं ही कुठल्याही कंट्रोलरसाठी मोठी गोष्ट नाही. पण तिसरं एक विमान होतं. उशिरा आलेलं एक एअरबस ए 320, फ्रीडरिक्सहाफेन या जवळच्या छोट्या विमानतळावर उतरायला निघालेलं. त्याचं काम दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या पडद्यावर आणि दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर होतं. नील्सन दोन खुर्च्यांची कामं एकटा करत होता. या टेबलावर बोलत असताना त्या टेबलावरचा वैमानिक बोलला तर दोन्हीकडे एकदम कान देणं अवघडच.

ए 320 उतरवायचं म्हणजे फ्रीडरिक्सहाफेनच्या टॉवरला फोन करून सांगायला हवं. साधा फोन, अर्ध्या मिनिटाचं काम. नील्सननं 11 वाजून 25 मिनिटांनी बटण दाबलं. लागला नाही. परत दाबलं. लागला नाही. पुढच्या साडेसात मिनिटांत त्यानं सात वेळा प्रयत्न केला.

मंडळी, आपण सगळे फोनवाले लोक. फोन लागत नसला की आपलं काय होतं ते आठवून बघा. आपण फोन ठेवून दुसऱ्या कामाला लागत नाही. आपण परत लावतो. मनात तेच घोळत राहतं. आपली चूक आहे की समोरच्याची, नंबर चुकला की नेटवर्क गेलं, हेच कळत नाही. पूर्ण बंद पडलेलं यंत्र एका अर्थानं बरं, कारण माणूस त्याचा नाद सोडतो. आता लागेल, आता लागेल असं वाटायला लावणारं यंत्र माणसाला बांधून ठेवतं. नील्सनची ती आठ मिनिटं अशी गेली. ती आठ मिनिटं संपेपर्यंत चौकात येणारी दोन्ही विमानं त्याच्या ताब्यात आली होती.

आता फोनच्या दुसऱ्या टोकाला जाऊ.

झुरिकच्या उत्तरेला जर्मनीत कार्ल्सरूह इथं वरच्या आकाशाचं मोठं नियंत्रण केंद्र आहे. तिथल्या पडद्यावर शेजारच्या हद्दीतली विमानंही दिसतात. आणि तिथला इशारा चालू होता. टकरीच्या साधारण दोन मिनिटं आधी कार्ल्सरूहच्या पडद्यावर इशारा उमटला. तिथल्या कंट्रोलरनं लगेच झुरिकचं बटण दाबलं. लागेना. साधारण मिनिटभरात त्यानं 11 वेळा प्रयत्न केला. डोळ्यांसमोर दोन ठिपके एकमेकांकडे सरकतायत, आणि आपण बटण दाबतोय.

त्यानं थेट वैमानिकांशी का नाही बोललं, असा प्रश्न येतोच. विमानं त्याच्या हद्दीत नव्हती, त्याच्या फ्रिक्वेन्सीवर नव्हती. एका विमानाला एका वेळी एकच कंट्रोलर सूचना देणार, ही या धंद्यातली पहिली शिस्त आहे, आणि ती उगाच नाही. झुरिकनं खाली जा म्हटलेलं असेल आणि कार्ल्सरूहनं वर जा म्हटलं तर? दोन आवाज आले की काय होतं, ते पुढच्याच मिनिटात दिसणार होतं. फक्त दुसरा आवाज माणसाचा नव्हता.

11:34:37 ला झुरिकची मुख्य फोन यंत्रणा परत सुरू झाली. तिचा उपयोग व्हायला आता वेळ उरलेला नव्हता.

11:34:42 ला दोन्ही विमानांच्या कॉकपिटमध्ये एकाच वेळी सूचना वाजली: जवळ विमान आहे. ही टीकॅसची सूचना. टीकॅस म्हणजे विमानात बसवलेलं टक्कर टाळणारं यंत्र. दोन विमानांतली यंत्रं एकमेकांशी थेट संपर्क साधतात, जमिनीवरच्या कुणालाही न विचारता. धोका वाढला की ती आपसात ठरवून घेतात, तू वर जा, मी खाली जातो. मग एका कॉकपिटमध्ये आवाज येतो वर चढा, दुसऱ्यात येतो खाली उतरा. यंत्र म्हणून ते अतिशय हुशार आहे. पण यंत्रांनी आपसात काय ठरवलंय, हे त्या काळी जमिनीवरच्या कंट्रोलरला कळायची सोय नव्हती.

11:34:49 ला नील्सनचं पडद्याकडे लक्ष गेलं. त्यानं ताबडतोब टुपोलेवला सांगितलं, 35,000 फुटांवर या, लवकर. सूचना उशिरा आली होती, 7 मैलांचं अंतर आता राखता येणार नव्हतं. पण टक्कर टाळायला एवढं पुरलं असतं. रशियन वैमानिकांनी विमानाचं नाक खाली केलं.

11:34:56. सात सेकंद झाली होती. टीकॅस बोललं. बोइंगला म्हणालं, खाली उतरा. टुपोलेवला म्हणालं, वर चढा.

बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचं ऐकलं आणि खाली निघाले. टुपोलेव आधीच खाली निघालं होतं, कारण जमिनीवरच्या माणसानं तसं सांगितलं होतं. त्यांच्या कॉकपिटमधलं बोलणं रेकॉर्ड झालेलं आहे. सहवैमानिक सांगतोय की यंत्र वर जायला म्हणतंय. त्याला उत्तर मिळतं की कंट्रोलर खाली जायला सांगतोय. तेवढ्यात नील्सननं सूचना पुन्हा दिली, लवकर खाली या. जमिनीवरच्या माणसानं दोनदा सांगितलं, आणि वाद मिटला. त्यातच नील्सननं समोरचं विमान तुमच्या उजवीकडे आहे असं सांगितलं. ते होतं डावीकडे.

टुपोलेवनं खाली जातो म्हणून कळवलं, तेव्हा नील्सनच्या दृष्टीनं प्रश्न सुटला. एक खाली गेलं, दुसरं वर राहिलं. तो दुसऱ्या टेबलाकडे वळला, कारण ए 320 बोलावत होतं. 11:35:19 ला बोइंगनं कळवलं की टीकॅसच्या सांगण्यावरून आम्ही खाली उतरतोय. हे वाक्य त्याच्यापर्यंत पोचलं नाही. झुरिकच्या यंत्रणेत धोक्याची एक घंटाही बरोबर 11:35 ला वाजली होती. पडद्यावरचा इशारा बंद होता, घंटा चालू होती. खोलीत कुणाच्याही ती लक्षात आली नाही.

11:35:32. साधारण 34,900 फुटांवर, युबरलिंगेन या तलावाकाठच्या गावाच्या वर, बोइंगच्या शेपटीनं टुपोलेवचं धड कापलं. टुपोलेव तिथंच हवेत फुटलं. बोइंग आणखी काही किलोमीटर गेलं आणि कोसळलं. दोन्ही विमानांतली सगळी 71 माणसं गेली. त्यात 52 मुलं होती.

(इथं मी रेकॉर्डिंग थोडा वेळ थांबवलं होतं. एडिट करताना ते तसंच ठेवलंय.)

एक गोष्ट मनात येते ती बोलून टाकतो. नील्सन गप्प राहिला असता, त्या सात सेकंदांआधी काहीच बोलला नसता, तर दोन्ही यंत्रांनी आपसात ठरवल्याप्रमाणे एक वर गेलं असतं, एक खाली. आणि यंत्रं नसती, फक्त नील्सन असता, तरीही बहुधा भागलं असतं. दोन्ही मार्ग एकेकटे बरोबर होते. यावरून मग काही लोक म्हणतात की दोष टीकॅसचा, काही म्हणतात रशियन वैमानिकांचा. मला हे पटत नाही. रशियन वैमानिकांच्या पुस्तकात कंट्रोलरचा शब्द मोठा आणि टीकॅस जोडीला असलेलं साधन, अशाच अर्थाचं लिहिलेलं होतं. पश्चिमेत वैमानिकांना शिकवत होते की यंत्राचं ऐका. आंतरराष्ट्रीय नियम वाचले तर दोन्ही अर्थ निघत होते. त्या पाच जणांच्या कॉकपिटमध्ये सहा-सात सेकंदांत हा निकाल लागायचा होता.

बरं, हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. जेमतेम दीड वर्ष आधी, 31 जानेवारी 2001 ला, जपानमध्ये यायझू गावावर जपान एअरलाइन्सची दोन मोठी विमानं अशीच समोरासमोर आली. कंट्रोलरनं एकाला खाली जा सांगितलं, टीकॅसनं त्याच विमानाला वर जा सांगितलं. वैमानिकानं कंट्रोलरचं ऐकलं. शेवटच्या क्षणी विमान दिसलं म्हणून चुकवता आलं. दोन विमानांत मिळून 677 माणसं होती. बरेच जखमी झाले, पण कुणी दगावलं नाही. जपाननं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेला लेखी कळवलं की हा नियम स्पष्ट करा, कंट्रोलर आणि यंत्र यांत कुणाचं ऐकायचं. तो स्पष्ट झाला युबरलिंगेननंतर. नोव्हेंबर 2003 मध्ये नियम बदलला: टीकॅस एकदा बोललं की त्याचंच ऐकायचं, कंट्रोलर काहीही म्हणो. पुढे यंत्राच्या नव्या आवृत्तीत हेही बसवलं की समोरचं विमान उलटंच वागतंय असं दिसलं तर यंत्रानं आपला निर्णय वेळेत फिरवावा.

आता चरखी दादरी. 12 नोव्हेंबर 1996, दिल्लीच्या पश्चिमेला हरियाणात. सौदी अरेबियाचं बोइंग 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन 76. 349 माणसं गेली. हवेत झालेल्या टकरींमध्ये आजवरची सगळ्यात मोठी जीवितहानी ती. तिथं फोनचा प्रश्न नव्हता. तिथं रडारचा होता. दिल्लीच्या कंट्रोलरच्या पडद्यावर विमान कुठं आहे ते दिसत होतं, पण ते किती उंचीवर आहे हे दिसत नव्हतं. उंची वैमानिकाला विचारायची आणि तो सांगेल ती मानायची. कझाक विमानाला 15,000 फुटांवर थांबायला सांगितलं होतं, ते त्याच्याही खाली आलं, आणि 14,000 फुटांवर समोरून सौदी विमान येत होतं. दोघांपैकी कुणाकडेच टीकॅस नव्हतं. न्यायमूर्ती लाहोटींच्या चौकशीनंतर भारतानं आपल्या आकाशात येणाऱ्या विमानांना टीकॅस सक्तीचं केलं. म्हणजे आपल्याकडे 349 लोकांच्या मरणानंतर जे यंत्र सक्तीचं झालं, तेच यंत्र सहा वर्षांनी युरोपात दोन्ही विमानांत होतं, नीट चालतही होतं.

रेडिओबद्दलही दोन शब्द. विमानांचा रेडिओ आपल्या फोनसारखा नसतो. एका वेळी एकानंच बोलायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं जातं आणि कानात किंचाळल्यासारखा आवाज येतो. 27 मार्च 1977 ला टेनेरिफच्या धावपट्टीवर धुक्यात हेच झालं. टॉवरनं डच विमानाला थांबायला सांगितलं आणि धावपट्टीवरच्या अमेरिकन विमानानं आम्ही अजून इथंच आहोत असं सांगितलं, एकाच क्षणी. डच कॉकपिटमध्ये ऐकू आली ती किंचाळी. 583 माणसं गेली. तंत्रज्ञान बदललं, पण एका चॅनलवर एकच बोलणार, ही मूळ रचना आजही जवळजवळ तीच आहे.

आणि हे सगळं जुन्या काळातलं आहे असंही समजू नका. 28 एप्रिल 2025 ला न्यूयॉर्कशेजारच्या नेवार्क विमानतळाची वाहतूक सांभाळणाऱ्या फिलाडेल्फियाच्या केंद्रात रडार आणि रेडिओ दोन्ही गेले. साधारण 90 सेकंद. विमानं हवेत, वैमानिक बोलावतायत, कंट्रोलरला ना दिसतंय ना ऐकू येतंय. कुणाला इजा झाली नाही. पण त्या पाळीतले काही कंट्रोलर नंतर मानसिक आघाताच्या रजेवर गेले, आणि नेवार्कची शेकडो उड्डाणं पुढचे कित्येक दिवस रखडली. कारण शोधलं तेव्हा निघालं काय, तर जुन्या तांब्याच्या तारांमधून चालणारी दूरसंचार लाइन. तुमच्या खिशातल्या फोनच्या तुलनेत आजोबांच्या काळातली.

परत युबरलिंगेनकडे येतो. अपघाताची चौकशी जर्मनीनं केली, अहवाल मे 2004 मध्ये आला. त्यात थेट कारणं दोन: कंट्रोलरला धोका वेळेत दिसला नाही, आणि टुपोलेवच्या वैमानिकांनी टीकॅस वर म्हणत असताना खाली जाणं चालू ठेवलं. आणि त्याच्यामागची कारणं: यंत्र आणि माणूस यांचे नियम एकमेकांशी जुळलेले नव्हते, आणि रात्री सगळ्या टेबलांवर माणसं बसतील याची काळजी कंपनीनं घेतली नाही, उलट एकट्या माणसाची पद्धत वर्षानुवर्षं चालू दिली. फोनचा तपशील अहवालात नीट आहे, सेकंदासकट. पण फोनला मुख्य कारण म्हटलेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेल. तरी मला राहून राहून वाटतं, की फ्रीडरिक्सहाफेनचा फोन पहिल्या खेपेला लागला असता, तर नील्सनला पडद्याकडे बघायला सात-आठ मिनिटं मिळाली असती, आणि आज आपण युबरलिंगेन हे नावही ऐकलं नसतं. यंत्र बिघडलं म्हणून टक्कर झाली असं नाही. बिघडलेल्या यंत्राचा भार एका माणसाच्या लक्षावर पडला, आणि तो भार उचलायला दुसरा माणूस खोलीत नव्हता. आणखी एक, दुरुस्तीचं काम चालू असताना केंद्रात तांत्रिक माणसंही हजर होती. आपण त्यांची मदत मागू शकतो हे नील्सनला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अहवाल आल्यावर स्कायगाइडनं जबाबदारी मान्य केली आणि मृतांच्या कुटुंबीयांची माफी मागितली. पण ती ऐकायला नील्सन नव्हता.

त्या टुपोलेवमध्ये विताली कालोयेव या रशियन वास्तुविशारदाचं सगळं कुटुंब होतं. तो कामासाठी बार्सिलोनाला होता. बायको, 10 वर्षांचा मुलगा आणि 4 वर्षांची मुलगी त्याच्याकडे सुट्टीला येत होती. अपघातानंतर तो स्वतः जागेवर पोचला. मुलीचा मृतदेह मिळाला तेव्हा तो शोधणाऱ्यांमध्ये होता. पुढची दीड-पावणेदोन वर्षं तो गावी कबरीजवळ बसून काढत होता. 24 फेब्रुवारी 2004 ला तो झुरिकजवळ क्लोटेनला नील्सनच्या घरी गेला आणि त्याला भोसकून मारलं. घरात नील्सनची बायको आणि तीन मुलं होती. मला माफी हवी होती, असं कालोयेव म्हणाला.

त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली, नंतर ती कमी झाली. नोव्हेंबर 2007 मध्ये तो सुटला. रशियात त्याचं स्वागत झालं, आणि पुढे तो उत्तर ओसेशियात बांधकाम खात्याचा उपमंत्रीही झाला. याबद्दल तिकडे दोन टोकांची मतं आहेत, आपल्याकडेही असतील. मी मात्र कालोयेवला हिरो करणाऱ्या व्हिडिओंच्या बाजूनं नाही, आणि त्याला राक्षस म्हणणंही मला जमत नाही. त्यानं 71 माणसांच्या मरणाला एक चेहरा शोधला आणि त्याला तो सापडला, कारण त्या रात्री खोलीत एकच चेहरा बसवलेला होता.

न्यायालयांना मात्र जास्त चेहरे सापडले. 2006 मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टन्झच्या न्यायालयानं एक वेगळाच मुद्दा काढला. अपघात जर्मनीच्या आकाशात झाला, पण ते आकाश सांभाळत होती स्विस कंपनी. हे काम त्यांच्याकडे सोपवायचा कायदेशीर करारच दोन देशांत नीट झालेला नव्हता. वर्षानुवर्षांची रीत म्हणून चाललं होतं. म्हणून भरपाईची जबाबदारी जर्मन सरकारची, असा तो निकाल.

स्वित्झर्लंडमध्ये स्कायगाइडच्या आठ जणांवर खटला चालला. सप्टेंबर 2007 मध्ये ब्यूलाखच्या न्यायालयानं निकाल दिला. चार निर्दोष सुटले. चार दोषी ठरले, सगळे व्यवस्थापनातले, गुन्हा हलगर्जीपणामुळे झालेल्या मृत्यूंचा. तिघांना एकेक वर्षाची निलंबित शिक्षा, म्हणजे प्रत्यक्ष तुरुंग नाही, आणि चौथ्याला दंड. रात्री एकच माणूस बसवायची पद्धत चालवून घेतली, याबद्दल. तोवर नील्सनला जाऊन साडेतीन वर्षं झाली होती.

युबरलिंगेनजवळ शेतांच्या कडेला आता स्मारक आहे. माणसाच्या उंचीच्या आसपासचे चकचकीत पोलादी गोळे, तुटलेल्या मोत्यांच्या माळेसारखे जमिनीवर विखुरलेले. वरून विमानं जातात, तळ्याच्या दिशेनं, झुरिकच्या दिशेनं.